घरातलं सगळ्यात चांगलं पाणी

पाण्याची बोंब असलेल्या गावांत घरोघरी समुद्र बांधून देणारा माणूस म्हणून माझी आजवर पुष्कळ चेष्टा झाली आहे. नात्यात लग्नकार्य असलं की कुणीतरी विचारतंच, "काय, यंदा गोदावरीत मीठ घालणार का?" मीही हसतो. नांदेडपासून समुद्र पार लांब, आणि लातूरला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. अशा मुलखात खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळाच्या टाक्या बसवून पोट भरायचं म्हणजे हसू येण्यासारखीच गोष्ट आहे. बावीस वर्षं हे काम केलं. मागच्या वर्षी गुडघ्यांनी साफ नकार दिला तेव्हा थांबलो.

मूळचा मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक. म्हणजे बरण्या पुसायच्या, बेडूक मोजायचे आणि मुलांच्या शिव्या खायच्या. त्या नोकरीतून मला एकच गोष्ट मिळाली, लोक मला 'सर' म्हणू लागले. सुरुवातीला गोड्या पाण्यातल्या टाक्या करून द्यायचो. मग एकदा मुंबईला एका ओळखीच्यांकडे प्रवाळाची टाकी पाहिली आणि डोकं फिरलं. घरी येऊन स्वतःसाठी एक केली. तिच्यातलं सगळं दोन महिन्यांत मेलं. दुसरी केली, तीही गेली. बायको म्हणाली, "भाजीला मीठ कमी पडलं तर तुमच्या बादलीतलं घेऊ का? नाहीतरी ते कुणाच्या कामी येईना झालंय." तिसरी टाकी जगली.

ज्यांनी असली टाकी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वर हॉलमध्ये दिसते ती काचेची टाकी. खाली कपाटात लपवलेली दुसरी, तिला संप म्हणतात. तिथं पाणी गाळलं जातं आणि मोटर ते परत वर ढकलते. टाकीत सच्छिद्र दगड रचायचे, कारण पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्या दगडांतच राहतात. शुद्ध पाण्यात समुद्राचं खास मीठ कालवून समुद्र तयार करायचा. आणि मग सहा आठवडे काहीही करायचं नाही. हे सहा आठवडे फार वाईट. घरी येणारा प्रत्येक पाहुणा रिकाम्या टाकीकडे बघून विचारतो, "मासे कुठायत?" आणि मालक मला फोन करतो. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ तोडणं गुन्हा आहे, तेव्हा मी शेतीत वाढवलेले, कागदपत्रं असलेले तुकडेच आणायचो. माझ्याकडून कागद मागणारं गिऱ्हाईक मात्र एकही भेटलं नाही, त्यांना रंग हवे असायचे.

आखणी हा या कामातला माझ्या आवडीचा भाग. पहिल्या भेटीत मी टेप बाहेर काढत नसे. चहा घेत बसायचं आणि बघायचं: ऊन कुठून येतं, कूलरचा झोत कुणीकडे जातो, फरशीखाली काय आहे. चार फुटी टाकी पाण्या-दगडांसकट सात-आठ माणसांच्या वजनाची होते, आणि ती माणसं एकाच जागी कायमची उभी राहणार. दगड आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कोरडे रचायचे, गुहा ठेवायच्या, कारण माशाला लपायला जागा असली तरच तो निर्धास्त बाहेर फिरतो. मालकांना दगडांची भिंत हवी असायची. त्यावरून मी भांडलेलो आहे. वास्तूवाल्यांशी मात्र माझं कधी भांडण झालं नाही. ते ईशान्य कोपरा सांगायचे, आणि ईशान्येला दुपारचं पश्चिमेचं ऊन येत नाही, त्यामुळे आम्ही बहुधा एकाच जागेवर येऊन ठेपायचो.

एकदा तेवढी वास्तूनं खोड मोडली. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी होते. टाकी छान बसली, झिंगे, गोगलगायी, प्रवाळ सगळं खुशीत. एक दिवस फोन. "सर, झिंगे उताणे पडलेत." मी जाऊन बघतो तर दगडांच्या मधोमध एक पितळी कासव विराजमान झालेलं. व्यापारी म्हणाले, "पाण्यात ठेवायचं असतंय न्हवं ते? बरकत येते म्हणून सांगितलं." पितळेत तांबं असतं. माशाला थोडंफार तांबं सोसतं, पण झिंगा, गोगलगाय आणि प्रवाळ यांना ते विष. कणभर विरघळलं तरी पुरतं, आणि दगड एकदा ते प्यायले की पुन्हा पुन्हा सोडत राहतात. त्या दिवशी गाडीत एकटा असताना मी मोठ्यानं हसलो होतो. घरी येऊन एक कार्ड छापून घेतलं: 'टाकीत धातूची कोणतीही वस्तू टाकू नये.' मला वाटलं, झालं काम. ते कार्ड अपुरं होतं हे समजायला लातूरचं एक घर जावं लागलं, आणि खरं म्हणजे त्या घरासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे.

राजशेखर हे लातूरचे आडत व्यापारी. डाळीचा मोठा व्यवहार, औसा रोडला नवा बंगला. हॉलमध्ये टाकी हवी होती ती येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून, आणि त्यात काही चूक नाही, माझी निम्मी गिऱ्हाइकं तशीच. पहिल्या भेटीत सोफ्यावर राजशेखर, त्यांचे वडील अप्पा आणि मी. मी सगळी देखभाल समजावून सांगितली. राजशेखर मान हलवत मोबाइलवर तुरीचे भाव बघत होते. त्यांची पत्नी शैलजा चहा घेऊन आली, ट्रे ठेवून दाराशी उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. मी तिच्याकडे पाहून एकही वाक्य बोललो नाही. अशा घरांत मी बोलत नसे, ती रीत मी सभ्यपणाची समजत होतो.

टाकीत पाणी भरल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला. "सर, मी शैलजा बोलायलेय, लातूरहून. तुम्ही यांना सांगितलं ते यांच्या ध्यानात न्हाई. मला परत सांगता का? मी लिहून घेते." ती लातूरजवळच्या मुरुडची. बारावीला विज्ञान घेतलं होतं, पुढं लग्न झालं. तिनं वही केली. रोजचं तापमान, खारेपणा, कुणी काय खाल्लं. सहा महिन्यांत ती टाकी पूर्णपणे तिची झाली. झिंग्यानं कात टाकली की मला फोटो यायचा. एकदा तिनं सांगितलं, "डावीकडची मोटर आवाज बदलायलीय." मी म्हणालो, भास असेल. आठवड्यात ती मोटर बंद पडली.

पाहुणे आले की राजशेखर हाक मारायचे, "शैलजा, ये गं, सांग जरा यांना." ती पदर सावरत यायची आणि प्रवाळ म्हणजे झाड नसून प्राणी कसा, हे सांगायची. अप्पा खुर्चीत बसून ऐकायचे. दहा वर्षं त्या घरात तिला भाजी कुठली करायची एवढंच विचारलं जात होतं, हे मला तिनंच पुढं सांगितलं.

मला नांदेडहून लातूरला यायला तीन तास लागायचे. लातुरात माझ्या आणखी चार टाक्या होत्या. मी तिला विचारलं, त्या चार घरांची देखभाल कराल का? रीतसर, माझ्या नावानं, पगारी. ती म्हणाली, घरी विचारून सांगते. मग राजशेखरांचाच फोन आला, थोडे अवघडून, पण म्हणाले, "करू द्या. तिला येतंय ते." ठरलं, उन्हाळा संपला की सुरू करायचं.

आता पाण्याचं सांगतो. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून जेवढं उडालं तेवढं साधं शुद्ध पाणी वरून घालायचं, खारं घालायचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला बादलीच्या आसपास उडतं. त्यासाठी मी एक छोटं आरओ यंत्र बसवून देत असे. ते एक बादली चांगलं पाणी देतं आणि तीन बादल्या बाहेर फेकतं. लातूरच्या बाईसमोर तीन बादल्या पाणी मोरीत सोडायचं म्हणजे काय, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शैलजानं ते पाणी ड्रममध्ये धरून भांड्यांना आणि फरशीला लावलं होतं. तिचं पाहून मी पुढं सगळ्याच टाक्यांना तशी नळी जोडू लागलो.

एप्रिलमध्ये ते यंत्र जळालं. तिचा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका दवाखान्याच्या टाकीची काच चिकटवत होतो, एका हातात सिलिकॉनची बंदूक. ती म्हणाली, "पाणी दोन बोटं खाली गेलंय. आता काय घालू?" मी म्हणालो, "दोन दिवसांत येतो मी. तोवर घरातलं सगळ्यात चांगलं प्यायचं पाणी घाला, थोडं थोडं." तिनं पुन्हा विचारलं, "सगळ्यात चांगलं न्हवं?" मी म्हणालो, "हो हो," आणि फोन ठेवला.

दोन दिवसांचे वीस दिवस झाले. एक काम संपलं की दुसरं निघालं. मध्ये तिचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत, नंतर करू म्हटलं. विसाव्या दिवशी राजशेखरांचा फोन आला तो ओरडूनच. त्या दिवशी बसव जयंती होती. मी पोचलो तेव्हा घरात मंडळी जमलेली. अप्पा, राजशेखर, त्यांचे भाऊ-भावजया, बहीण आणि डॉक्टर मेहुणे. शैलजा धरून नऊ माणसं. टाकीच्या बुडाला गोगलगायी पडल्या होत्या, प्रवाळ मिटून करडं झालं होतं, झिंगे नव्हतेच. दोन मासे तेवढे फिरत होते.

मी पाण्याचा नमुना घेतला, तपासणीचे थेंब टाकले, नळीतला रंग बघितला. सगळे माझ्याभोवती उभे. मी म्हणालो, "तांबं आहे पाण्यात. कुणीतरी तांब्याच्या भांड्यातलं पाणी घातलंय."

नऊच्या नऊ माणसांना ठाऊक होतं की त्या घरात प्यायचं पाणी तांब्याच्या घागरीत असतं. रात्रभर ठेवलेलं, अप्पांच्या पूजेलाही तेच. त्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तेच होतं, आणि तिनं ते वीस दिवस रोज स्वतःच्या हातानं घातलं होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सरांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली, "घरातलं सगळ्यात चांगलं..."

"गप," राजशेखर म्हणाले. "ते असं सांगतील का? एवढे जाणकार माणूस. काय कळत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

मी नळीकडे बघत राहिलो. रंग बघून झाला होता, तरी बघत राहिलो. डॉक्टर मेहुण्यांच्या नव्या हॉस्पिटलात मोठी टाकी करायची बोलणी चालली होती, ते तिथंच उभे होते. मला सगळं आठवत होतं, सिलिकॉनची बंदूक कुठल्या हातात होती तेसुद्धा. एक वाक्य बोलायचं होतं, मी ते बोललो नाही. कपाट बंद केलं, "दगड सगळे बदलावे लागतील," एवढं सांगितलं आणि नांदेडला निघून आलो.

चार घरांच्या देखभालीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी दोन वेळा फोन केला, तो राजशेखरांनी घेतला. "नको सर. तिला न्हाई जमायचं ते, सगळ्यांनी बघितलंच की." मी "बरं" म्हणालो. हॉस्पिटलची टाकीही झाली नाही, डॉक्टरांनी तिथं टीव्ही लावला.

बायकोला मी हे महिनाभरानं सांगितलं, तेही तिखटमीठ कमी करून. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे ती खरं बोलत होती आणि ते त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं." मला वाटत होतं तिनं समजूत घालावी, गिऱ्हाइकाला दुखवून धंदा चालत नाही असं काहीतरी म्हणावं. ती मेथी निवडत राहिली.

मला स्वतःची लाज वाटत होती आणि मी ती दुसऱ्या कामांखाली दाबत होतो. गिऱ्हाइकांना मी कडक आणि चोख माणूस म्हणून माहीत. काच एक सूत तिरकी लागली तर परत पाठवणारा. अशा माणसाला आपली चूक झाली हे चालतं, पण लोकांनी ती पाहिलेली चालत नाही. श्रावण लागला तेव्हा एकदाचा लातूरचा रस्ता धरला. दुपारची वेळ, घरी शैलजा आणि कामवाल्या मावशी. हॉलमध्ये टाकी कोरडी, तिच्यावर चादर, चादरीवर लाइट बिलं. मी बसलोही नाही, उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती. मी फोनवर सांगितलं ते मला आठवत होतं. त्या दिवशी मी बोललो नाही. मला माफ करा."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी नऊ माणसं होती, सर. आज दोघंच हाय आपण."

तिनं चहा केला, मी प्यायलो. निघताना ती म्हणाली, "शेवटच्या सोमवारी सगळे यायलेत जेवायला."

शेवटच्या सोमवारी मी बायकोला सोबत येतेस का विचारलं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." मी एकटाच गेलो. जेवणं उरकत आली होती. या वेळी अकरा माणसं भरली, राजशेखरांचे दोन व्यापारी स्नेहीही होते. राजशेखर म्हणाले, "या या सर, वेळेवर आलाव, ताट वाढा गं सरांना." मी म्हणालो, आधी बोलतो, मग जेवतो. आणि उभ्यानं सगळं सांगितलं. यंत्र जळालं, तिचा फोन आला, मी काय म्हणालो, तिनं दोनदा विचारलं, मी किती दिवस आलो नाही, तिचे दोन फोन उचलले नाहीत. त्या दिवशी ती खरं बोलली आणि मी गप्प बसलो. माझा आवाज मला भाडोत्री वाटत होता, पण एकही शब्द गाळला नाही.

राजशेखर म्हणाले, "जाऊ द्या सर, जुनं झालं आता ते."

अप्पांनी हात वर केला. "थांब. म्हणजे पोरगी म्हणत होती ते खरं होतं?"

"हो अप्पा. अक्षर न् अक्षर."

"मग तुम्ही गप का बसलाव?"

"भ्यालो," मी म्हणालो.

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी कुणापुढं इतका लहान झालो नव्हतो, आणि ते योग्यच होतं. डॉक्टर मेहुणे ताटातल्या कोशिंबिरीत बोट फिरवत होते.

राजशेखर बायकोकडे वळले. "पण तू तरी नीट सांगायचंस की त्या वेळी."

शैलजा आमटीचं पातेलं घेऊन उभी होती. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही गप म्हणालाव."

राजशेखरांची मान खाली गेली. शैलजानं पातेलं टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "सर, गाडीत मीठ आणलंय का?"

आणलं होतं. मिठाची बादली आणि नवं यंत्र, दोन्ही मागच्या सीटवर होतं. सांगायची छाती झाली नव्हती.

"आणलंय," मी म्हणालो.

"आणि दगड?"

"नवे लागतील. परवा आणतो."

"मग आज मीठ आत घेऊन ठेवू. आणि त्या चार घरांचे पत्ते द्या मला लिहून."

मी खिशातून चावी काढली, पण माझे गुडघे आणि पंचवीस किलोची बादली हे गणित जमणारं नव्हतं. मी दाराकडे वळायच्या आत राजशेखर ताटावरून उठले, हात धुतले आणि अकरा माणसांदेखत चावीसाठी माझ्यापुढं ओला हात धरला.